आवडेल तेथे, पासात बसेल तेथे

चौकला रेल्वे स्टेशन आहे, याची चौकच्या माणसालाही अधूनमधून आठवण करून द्यावी लागते. पनवेल सोडलं की चिखले, मोहोपे आणि मग चौक. मार्ग एकेरी, त्यावर राबता मालगाड्यांचा. लांब पल्ल्याच्या गाड्याही जातात, पण खिडकीतली माणसं बाहेर बघतात ती इर्शाळगडाचा सुळका कुठून दिसतो ते शोधायला. आता 29.6 किलोमीटरच्या नव्या पनवेल–कर्जत उपनगरी मार्गासाठी वावर्ल्याचा डोंगर अडीच किलोमीटरहून जास्त पोखरलाय, तेव्हा पुढेमागे आम्हीही लोकलवाले म्हणवून घेऊ. पण आजवरचा आमचा रिवाज फाट्यावर उभं राहण्याचा. एसटी आली तर एसटी, नाहीतर शेअर रिक्षा. कर्जत किंवा पनवेल गाठायचं आणि रेल्वेशी संबंध तिथून पुढे जोडायचा.

अशा गावात बसून परदेशातल्या रेल्वे पासांवर बोलण्याचा अधिकार तुम्हाला कुणी दिला, असं कुणी विचारलंच तर उत्तर तयार आहे. चौक हे सरनोबत नेताजी पालकरांचं गाव मानलं जातं. औरंगजेबानं त्यांना 1667 मध्ये काबूलकडे धाडलं आणि 1676 मध्ये ते स्वराज्यात परतले. चौकच्या माणसानं केलेला इतका लांबचा आणि इतका नकोसा परदेशप्रवास दुसरा झाला नसेल. मार्ग बादशहाचा, खर्च बादशहाचा. पास निवडण्याचं पहिलं कलम आमच्या गावाला तेव्हाच कळायला हरकत नव्हती: वाट दुसऱ्यानं आखून दिली की प्रवास फुकट असला तरी महाग पडतो.

हे कलम आमच्या दाजींना मात्र मंजूर नाही.

ताईला कर्जतला दिली. दाजींची सगळी नोकरी फोर्टात झाली. कर्जत ते सीएसएमटी शंभर किलोमीटर, एका बाजूला दोन तास. अशा माणसाला रेल्वे म्हणजे पासच दिसतो. तिकिटाच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाकडे दाजी अजूनही जरा कीव आल्यासारखे बघतात. त्यांचं गणित सोपं आहे आणि मुंबईच्या लाखो नोकरदारांचं तेच आहे. दुसऱ्या वर्गाचा महिन्याचा पास साधारण 15 एकेरी फेऱ्यांच्या भाड्यात बसतो. म्हणजे आठव्या दिवशी सकाळी ऑफिसला पोचलं की पास फिटला. त्या संध्याकाळपासून महिनाअखेरीपर्यंत रेल्वे आपली. जून 2014 मध्ये हा हिशेब 15 फेऱ्यांवरून 30 वर न्यायचं दिल्लीत ठरलं, तेव्हा महाराष्ट्रातले खासदार असे धावले की काही दिवसांतच तेवढा भाग मागे घ्यावा लागला. आठव्या दिवसाच्या संध्याकाळपासून सुरू होणारं ते सुख कोण सोडणार?

तर निवृत्तीनंतर भाच्यानं ठरवलं, आई-बाबांनी युरोप पाहायचा, आणि तोही टूर कंपनीबरोबर नाही, आपला आपण. टूर कंपनीबरोबर गेलं की पासाचा प्रश्नच येत नाही. सकाळी सहाला खोलीतला फोन वाजतो, बस दारात असते, संध्याकाळी कुठल्याशा गावात वरण-भात मिळतो. आपण फक्त सहप्रवाशांची डोकी मोजायची. मला तो प्रकार मुळीच वाईट वाटत नाही. पण भाचा पुण्याला असतो, आणि पुण्यात राहिलं की माणसाला स्वतःची योजना असावीशी वाटते.

दाजींनी कालनिर्णयचं मागच्या महिन्याचं पान उलटं करून पट्टीनं रकाने आखले. मला बोलावणं आलं. गेलो तर दाजींच्या चेहऱ्यावर नव्या नवरदेवाचं तेज.

“मेहुणे, तेहतीस देश. एका पासात तेहतीस देश! आणि आपल्या कर्जतच्या पासावर कल्याणहून टिटवाळ्याला जाता येत नव्हतं.”

युरेल पासाबद्दल ते बोलत होते. हा पास 1959 चा. युरोपाबाहेरून येणाऱ्या पाहुण्यांसाठी काढलेला, सुरुवातीला 13 देशांचा. आता त्यात 33 आले. युरोपातल्याच तरुणांसाठी 1972 मध्ये इंटररेल नावाचं त्याचं भावंड निघालं. आपल्याला मिळतो तो युरेल. त्यात दोन जाती. एक सलग: 15 दिवस, 22 दिवस, एक महिना, अशा मुदतीचा, घड्याळ एकदा सुरू झालं की तुम्ही फिरा नाहीतर हॉटेलात पाय शेकत बसा, दिवस मोजला जातो. दुसरा फ्लेक्सी: महिनाभरात कोणतेही 4, 5 किंवा 7 दिवस, नाहीतर दोन महिन्यांत 10 किंवा 15. ज्या दिवशी गाडीत बसाल तो दिवस खर्च, बाकीचे हातात. प्रवासाचा दिवस मध्यरात्री सुरू होऊन मध्यरात्री संपतो, आणि त्या चोवीस तासांत गाड्या कितीही.

हा शेवटचा नियम दाजींच्या वाचनात आला आणि युरोपचं भवितव्य ठरलं. “कितीही” हा शब्द त्यांनी लाल पेनानं अधोरेखित केला होता. पहिल्या रकान्यात लिहिलं होतं: सकाळी पॅरिस, दुपारी ब्रुसेल्स, रात्री अॅमस्टरडॅम. दुसऱ्यात बर्लिन आणि प्राग. तिसऱ्यात व्हिएन्ना, जमल्यास त्याच दिवशी ब्रातिस्लाव्हा, कारण ती दोन राजधान्यांची गावं तासाभराच्या अंतरावर आहेत आणि देश एक जास्त होतो.

ताई पोळ्या लाटता लाटता ऐकत होती. “ब्रुसेल्सला काय पाहायचंय?”

“ब्रुसेल्सला गाडी बदलायची आहे,” दाजी म्हणाले.

यावर ती काही बोलली नाही. पोळी मात्र तव्यावर जरा जोरात पडली.

दाजींच्या योजनेत आणखी एक मोती होता. रात्रीची गाडी. रात्री निघून सकाळी पोचणाऱ्या गाडीला फ्लेक्सी पासाचा एकच दिवस लागतो, निघण्याचा. बर्थचे पैसे वेगळे भरावे लागतात, पण हॉटेलची रात्र वाचते. म्हणजे दिवस वाचला, हॉटेल वाचलं, आणि झोपेत दोन देश झाले. इथे ताईनं तोंड उघडलं. “अहो, जन्मभर लोकलमध्ये झोपलात. आता तरी पलंगावर झोपा.”

मला त्यांच्या कागदात वेगळीच गोष्ट खटकत होती, ती मी भीतभीत काढली. पास आणि बसायची जागा यांचा काही संबंध नसतो, हे कर्जतच्या माणसाला दुसऱ्यानं सांगावं लागू नये. पास खिशात असून चौथ्या सीटवर अर्धं अंग टेकून ज्यानं कल्याणपर्यंत दम धरला, त्यालाच युरोपात वाटतं की पास दाखवला की खिडकी आपली. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड इथे बहुतेक गाड्यांत तसं आहेही. पास घ्या, चढा, रिकामी जागा बघून बसा. पण फ्रान्सची टीजीव्ही, इटली-स्पेनच्या वेगवान गाड्या, आणि युरोस्टार, यांत पास असला तरी आरक्षण सक्तीचं, त्याचे पैसे वेगळे, आणि काही गाड्यांत पासवाल्यांना द्यायच्या जागाही मोजक्याच. म्हणजे तोच पास जर्मनीत जहागीरदार आणि फ्रान्समध्ये अर्जदार. पॅरिसहून सुरुवात करणाऱ्यानं हे आधी पाहावं. दाजींनी कागदावर एक नवा रकाना काढला, “वरखर्च”, आणि पट्टी खाली ठेवली. मला वाटलं काम झालं. पण नाही. वरखर्च आला म्हणताच तो भरून काढायला त्यांनी कोपनहेगन घातलं.

पासाचं हे असं असतं. पैसे भरून झाले की माणूस पाहायला निघत नाही, फेडून घ्यायला निघतो. रोज कामावर जाणाऱ्याला ते शोभतं, कारण त्याला नाहीतरी रोज जायचंच असतं. पंधरावी फेरी आपोआप होते. सुटीवर गेलेल्या माणसाला पंधरावी फेरी शोधून काढावी लागते.

याचा नमुना बघायला युरोपला जायची गरज नाही. आपल्या एसटीचा “आवडेल तेथे कोठेही प्रवास” पास 1988 पासून आहे. सध्या तो 4 आणि 7 दिवसांचा मिळतो. माझ्या मते महाराष्ट्रात सरकारी खात्यानं योजनेला दिलेलं इतकं सुरेख नाव दुसरं नाही. एखाद्या कवीनं आगारात बसून ठेवल्यासारखं. आमच्या आळीतलं एक अख्खं कुटुंब एका उन्हाळ्यात तो पास घेऊन निघालं होतं. पहिले दोन दिवस त्यांनी खरोखर आवडेल तेथे प्रवास केला. तिसऱ्या दिवशी कुटुंबप्रमुखांनी हिशेब काढला आणि पास अजून निम्माही फिटला नाही असं आढळलं. त्यानंतर मुक्काम आवडीनं ठरेनासे झाले, किलोमीटरनं ठरू लागले. कोल्हापूरहून पंढरपूर, तिथून तुळजापूर, तिथून थेट शिर्डी. मधल्या रात्री बसमध्ये. परत आल्यावर मुलांना विठोबाचं दर्शन किती वेळात झालं ते सांगता येत नव्हतं, पण कोणत्या स्टँडवरच्या नळाला पाणी आहे आणि कुठल्या कँटीनची मिसळ खाऊ नये, हे तोंडपाठ होतं. पास शंभर टक्के फिटला, याबद्दल घरात दुमत नव्हतं.

आपल्या आधीच्या पिढ्या यात जास्त शहाण्या होत्या, असं मला वाटतं. काशीयात्रेला निघताना रेल्वेचं चक्राकार तिकीट काढायचे लोक. जिथून निघायचं तिथेच परत, वाटेत जास्तीत जास्त आठ थांबे, आणि अंतर वाढेल तसा किलोमीटरमागचा दर उतरता. आधी यात्रेच्या जागा ठरायच्या, प्रयाग, काशी, गया, मग त्यांना जोडणारं तिकीट. तिकीट बघून कुणी देव वाढवले नाहीत. हे तिकीट आजही मिळतं. ते मागणारा माणूस आता विरळा.

स्वित्झर्लंडच्या प्रकरणाला थोडा वेळ द्यायला हवा, कारण मराठी माणसाच्या युरोपात अर्धा वाटा त्याच देशाचा असतो. दाजींची पसंती अर्थात स्विस ट्रॅव्हल पासला. तो सलग 3, 4, 6, 8 किंवा 15 दिवसांचा. रेल्वे, बस, तळ्यातल्या बोटी, गावातल्या ट्राम, 500 च्या वर संग्रहालयं, सगळं त्यात. रिगीचा डोंगरही त्यात. ऐकून कुणाचाही हात खिशाकडे जाईल. पण युंगफ्राउयोख, म्हणजे 3,454 मीटरवरचं ते स्टेशन ज्याला आपण “टॉप ऑफ युरोप” म्हणून फोटो टाकतो, तिथे हा पास डोंगराच्या पायथ्याची गावं संपली की फक्त 25 टक्के सूट देतो. टिटलिसच्या केबल कारला निम्मी. टिटलिसवर शाहरुख आणि काजोलचा पुठ्ठ्याचा कटआउट उभा आहे, तिथे निम्म्या पैशांत जाता येतं, एवढं समजून घ्यायचं.

आता याच देशात हाफ फेअर कार्ड नावाची एक साधी चीज मिळते. महिनाभर मुदत. रेल्वे, बस, बोटीला निम्मं भाडं, आणि युंगफ्राउलाही निम्मंच. त्याची जाहिरात फारशी दिसत नाही, कारण त्यात मिरवण्यासारखं काही नाही. पण ताईला ते एका वाक्यात कळलं. “म्हणजे आपल्या एसटीसारखं,” ती म्हणाली. मार्च 2023 पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालंय, आणि तेव्हापासून ती मनात येईल तेव्हा पेणला मावशीकडे जाऊन येते. न गेल्याचं तिला दुःख नसतं, गेल्याचा हिशेब नसतो. अर्ध्या तिकिटाचा हा मोठा गुण आहे. त्यात भरलेली रक्कम थोडी, म्हणून फेडायची घाई थोडी. पावसामुळे दिवसभर ल्युसर्नला खिडकीत बसून राहावं लागलं तर पासवाल्याचा जीव कासावीस होतो. कार्डवाला आणखी एक चहा मागवतो.

युंगफ्राउचं नाव निघालंच आहे तर एक सांगतो. ती डोंगरावरची रेल्वे युंगफ्राउयोखपर्यंत पोचली 1912 मध्ये. आमच्या शेजारची नेरळ–माथेरान गाडी 1907 ची, पाच वर्षांनी थोरली. सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशातून उभी राहिलेली. दाजींची लोकल उभ्या नोकरीत रोज दोनदा नेरळवरून गेली. माथेरानला ते किती वेळा गेले म्हणाल? लग्न झाल्यावर एकदा. पास नेरळवरून जात होता, माथेरान पासात नव्हतं. मी हे बोलून दाखवलं तेव्हा ते बराच वेळ पट्टीकडे बघत होते.

पासाचा प्रश्न भाचीलाही पडला होता, पण तिचा जपानचा होता, आणि तो दहा मिनिटांत सुटला. चेरीचा बहर, टोकियो, क्योतो, ओसाका. तिच्या मैत्रिणींनी सांगितलेलं, जपान रेल पास डोळे मिटून घ्यायचा. मैत्रिणी खोटं बोलत नव्हत्या, त्या आधी जाऊन आल्या होत्या. सात दिवसांचा साधा पास ऑक्टोबर 2023 पर्यंत 29,650 येनला होता, मग एकदम 50,000 झाला. टोकियो ते क्योतो शिंकानसेनचं एका बाजूचं भाडं साधारण 14,000 येन. जाऊन येऊन 28,000. जुन्या दरात पास तिथेच जवळजवळ फिटायचा, आणि नंतरचा प्रवास आठव्या दिवसाच्या संध्याकाळसारखा. नव्या दरात त्याच फेरीवर 22,000 येन अंगावर राहतात. ते फेडायला हिरोशिमाच्याही पुढे धावावं लागेल. तिला एकच सांगितलं, विमान टोकियोला उतरणारं आणि ओसाकाहून परत निघणारं बघ, मग मधे एक एकेरी तिकीट पुरतं. प्रवासाच्या सल्ल्याला औषधासारखी मुदत असते, जाऊन आलेल्या माणसाला “कधी गेला होतात?” हा पहिला प्रश्न विचारावा.

राहता राहिला दाजींचा मूळ मुद्दा, तो खरा वजनदार. ते म्हणाले, “पास म्हणजे मोकळीक, मेहुणे. सकाळी उठायचं, आकाश बघायचं, वाटेल त्या गाडीत बसायचं. तिकिटं आधी काढली की आपण बांधले गेलो.” हे खरं आहे. अमेरिकेतून किंवा ऑस्ट्रेलियातून पाठीवर पिशवी टाकून आलेल्या पोराला हे शंभर टक्के लागू आहे. पण आपण भारतीय पारपत्रावर निघतो. शेंगेन व्हिसाच्या अर्जाबरोबर कोणत्या रात्री कोणत्या गावात, कोणत्या हॉटेलात, हे आधीच लिहून द्यायचं असतं. निदान 30,000 युरोंचा विमा, परतीचं विमान, बँकेचे कागद, सगळं आधी. म्हणजे सकाळी उठून आकाश बघण्याचा कार्यक्रम दाजींनी तीन महिन्यांपूर्वीच तारीखवार टंकून सही करून दिलेला असणार. पास जी मोकळीक विकतो तिचा बराचसा भाग आपण अर्जाच्या खिडकीत ठेवून निघतो. आणि तारखा एवढ्या पक्क्या असतील तर युरोपातल्या वेगवान गाड्यांची तिकिटं काही महिने आधी काढलेली बहुतेक वेळा बरीच स्वस्त पडतात, विमानासारखी. जितका उशीर तितका भाव वर. आपल्याकडे सवय उलटी. बहुतेक गाड्यांत भाडं तेच, फक्त जागेची धास्ती, आणि ते आरक्षणही 1 नोव्हेंबर 2024 पासून 120 ऐवजी 60 दिवस आधी उघडतं. त्यामुळे लवकर तिकीट काढलं तर पैसे वाचतात, हे आपल्या रेल्वेत मुरलेल्या माणसाच्या पचनी पडायला वेळ लागतो.

शेवटी ताईनं कागद आपल्याकडे ओढला. तिनं शहरं खोडली नाहीत. प्रत्येक शहरासमोर किती रात्री, एवढंच लिहीत गेली. पॅरिसला चार. ल्युसर्नला तीन. इंटरलाकनला तीन. व्हेनिसला दोन. तिथे रात्री संपल्या. बर्लिन, प्राग, कोपनहेगन रात्रींवाचून राहिले आणि आपोआप गळले. मग उरले ते फक्त जोडायचे होते: पॅरिसहून झ्युरिकची टीजीव्ही, चार तासांची, आधी काढलेलं तिकीट, स्वित्झर्लंडसाठी अर्ध्या भाड्याचं कार्ड, तिथून मिलानमार्गे व्हेनिस, तेही आधी. युरेलचा पास या यादीत कुठेच बसेना. दाजींनी पुन्हा दोनदा बेरीज केली.

ज्यांना खरोखर लांब लांबची पाच-सहा शहरं करायची आहेत, मुक्काम बदलायची सोय ठेवूनच ज्यांनी हॉटेलं घेतली आहेत, आणि ज्यांचा मार्ग जर्मनी-ऑस्ट्रियाच्या बाजूचा आहे, त्यांनी फ्लेक्सी पास जरूर घ्यावा. पासाचे दिवस लांब पल्ल्यांना वापरावे, जवळच्या फेरीला साधं तिकीट काढावं. बरोबर 12 वर्षांखालची नातवंडं असतील तर तो आणखी परवडतो. एका मोठ्या माणसामागे दोन मुलांचा पास फुकट मिळतो. पण आधी रात्री लिहा, मग गावं जोडा, मग सुट्या तिकिटांची बेरीज करा, आणि पासाची किंमत सगळ्यात शेवटी बघा. हा क्रम उलटा केलात तर तुमचाही ब्रुसेल्स होईल.

आणि पास घ्यायचाच ठरला तर जन्मतारीख नीट भरा. युरेलमध्ये 60 वर्षं पूर्ण झालेल्याला 10 टक्के सूट आहे. आपल्या रेल्वेतली ज्येष्ठांची सवलत मार्च 2020 मध्ये बंद झाली.